नमुन्याची फळी

घरजावयाने बायकोबद्दल लिहायचं आणि त्यात सासऱ्यांची कागाळी येऊ द्यायची नाही, हे भलतंच अवघड काम आहे. तरी प्रयत्न करतो. घर सासऱ्यांचं, तळमजल्यावरचं शिलाईचं दुकान माझं, आणि आम्हा दोघांनाही धाकात ठेवणारी माझी बायको. फायबरच्या फळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस आहे. तिथे त्यांना पॅनेल म्हणतात, पण सासरे जन्मभर फळी म्हणत आले, म्हणून आमच्या घरात फळी. या फळ्या रुग्णवाहिकांच्या तळाला बसतात. वरून स्ट्रेचर सरकतं, माणसं धावतात, खालून गाडी खड्ड्यांत आदळते. फळी आतून सुटली तर काय होईल, ते कुणी वेगळं सांगायला नको.

आमची ओळखही सुटलेल्या गोष्टीवरूनच झाली. ती सासऱ्यांचा शर्ट घेऊन दुकानात आली, काउंटरवर पसरला, कॉलरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे बकरम चिकटलेलं नाही." मी म्हणालो, अजून धुतलासुद्धा नाही, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, इस्त्री फिरवल्यावर तेवढीच जागा जास्त वेळ गरम राहिली. मी चिडलो, कॉलर उसवली, आणि आत कॉलर ताठ ठेवणारं ते बकरमचं अस्तर बोटाच्या पेराएवढं खरंच सुटलेलं होतं. त्यानंतर मी दुसरा शर्ट फुकट शिवून दिला आणि वर्षभरात तिच्याशी लग्न केलं. मित्र म्हणाले, पडतं घेण्याची सवय तुला पहिल्या दिवसापासूनच लागली.

ही हात लावून बघण्याची खोड तिला लहानपणापासून होती. भिंत, कप, खिडकीची काच, माझं कपाळ, काहीही. गरम वस्तू निवताना आतलं सगळं सांगून टाकते, असं ती म्हणते. हे बाळकडू तिला बाबांकडून मिळालं. सासरे कारखान्यात चिकटवण्याच्या टेबलाचे प्रमुख होते. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. फळी म्हणजे वर एक पातळ कवच, खाली एक कवच, आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी. कवच आणि जाळी एकमेकांना घट्ट धरून राहिली पाहिजेत, सगळी मेख तिथेच. सासरे फळी तयार झाली की छोट्या हातोडीने तिच्यावर टकटक करत आणि कान देऊन ऐकत. आवाज बद्द आला की फळी बाद.

आमच्या घरातही सगळ्या गोष्टी अशा मास्तरांच्या कानाने ऐकल्या जायच्या. मी खिळा ठोकला की बायको म्हणायची, "बाबा ठोकतात तेव्हा भिंतीला कळतसुद्धा नाही. तू ठोकलास की शेजाऱ्यांना कळतं." बाबांचा चहा, बाबांचं अक्षर, बाबांची छत्री मिटण्याची पद्धत. मी या मोजपट्टीवर कधीच उतरलो नाही, आणि घरजावई असल्यामुळे मोजपट्टीबद्दल तक्रार करायचीही सोय नव्हती.

मग सासऱ्यांचे डोळे अधू व्हायला लागले आणि ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना नव्या पद्धतीची जाड कवचाची एक फळी बनवायला सांगितली, आठवण म्हणून. ती साहेबांच्या खोलीत भिंतीवर लागली. सासऱ्यांचं टेबल लंबूकडे गेलं. लंबू हा सासऱ्यांच्याच हाताखाली तयार झालेला, उंच, किडकिडीत आणि जिभेचा तिखट माणूस. माझं गिऱ्हाईकही. दरवेळी पँट शिवली की आणखी बोटभर सोडा, आणखी बोटभर सोडा, असं म्हणून तो मला भंडावून सोडायचा. सासऱ्यांच्या निरोपसमारंभात सगळे डोळे पुसत असताना हा म्हणाला, "मास्तर, तुमच्या चष्म्यालाही पेन्शन लागू झाली का?" सासरे हसले. बायकोने मात्र ते वाक्य मनात जपून ठेवलं.

त्याच सुमाराला कारखान्यात ते मशीन आलं. हातोडी गेली, कॅमेरा आला. एक बंद खोली, तिच्यात प्रखर दिवे, आणि उष्णता बघणारा कॅमेरा. बाहेरची उष्णता आत येऊन फळीवर चमकू नये म्हणून खोलीला चहूबाजूंनी काळे जाड पडदे लागणार होते, ते मी शिवले. त्यामुळे मला ती खोली आतून माहीत आहे. फळी स्टँडवर उभी करायची, दिव्यांचा एक झगमगाट तिच्यावर मारायचा, आणि ती कशी निवते ते कॅमेऱ्यातून बघायचं. कवच जाळीला घट्ट चिकटलेलं असेल तर उष्णता आत झिरपते आणि वरचा भाग लवकर निवतो. मध्ये हवा राहिली असेल तर उष्णता तिथेच अडकते. पाणी शिरलं असेल तर पाणी उष्णता गिळून टाकतं आणि तेवढी जागा भराभर थंड पडते. पडद्यावर हे सगळं पिवळ्या, तांबड्या, निळ्या डागांत दिसतं. हे मशीन बायकोच्या ताब्यात आलं आणि कारखान्यातले लोक तिला फोटोवाल्या ताई म्हणायला लागले.

पण लवकर म्हणजे किती लवकर? तिथे कॉम्प्युटर येतो. त्याच्यात एक खोटी फळी असते, नुसती आकड्यांची. तिला ते मॉडेल म्हणतात. खरी फळी तापली की ही खोटी फळीही आकड्यांत तापते आणि निवते. दोघी बरोबरीने निवल्या तर खरी फळी चांगली. मात्र ही खोटी फळी घडवण्यासाठी आधी एक अस्सल, निर्दोष फळी लागते, नमुना म्हणून. मशीन बसवून द्यायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "तुमच्याकडची सगळ्यात चांगली फळी द्या." बायको साहेबांच्या खोलीत गेली आणि भिंतीवरची फळी काढून घेऊन आली. त्याने विचारलं, "ही तपासलेली आहे ना?"

"ही मास्तरांची आहे," बायको म्हणाली.

इंजिनिअर बिचारा बाहेरगावचा. त्याला वाटलं, हे कारखान्यातल्या कुठल्या तरी तपासणीचं नाव असावं. त्याने आकडे भरले, चहा घेतला आणि गेला.

त्याच नव्या पद्धतीच्या जाड कवचाच्या फळ्यांचं काम सुरू झालं आणि लंबूच्या फळ्या एकामागून एक नापास व्हायला लागल्या. सगळ्या थंड. मास्तरांची फळी ज्या गतीने निवायची, त्याहून या फळ्या झपाट्याने निवायच्या. मॉडेल सांगायचं, आत ओल आहे. शिवाय लंबूच्या फळीच्या चित्रात आतल्या जाळीची नक्षी पुसटशी उमटायची. मास्तरांच्या फळीत ती अजिबात दिसायची नाही, चित्र कसं एकसारखं, गुळगुळीत. बायकोने त्याचा अर्थ लावला, बाबांचा हातच तितका सफाईदार. हे ऐकून मलाही पटलं. आमच्या घरात दुसरा कुठलाही अर्थ कुणाला सुचलाच नसता.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत तिने दोन्ही चित्रं हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावली. सगळे कप हातात धरून उभे होते. "ही बाबांची," ती म्हणाली, "आणि ही तुमची. टेबल तेच, जाळी तीच, प्रेस तोच. मग फरक कशात आहे?" लंबू म्हणाला, जाळी मी भट्टीत वाळवूनच घेतो, तुम्ही येऊन बघा. त्यावर ती म्हणाली, "वाळवत असाल. पण लक्ष ठिकाणावर ठेवून वाळवायला लागतं. बाबा कामाच्या वेळी तोंड बंद ठेवायचे." लोक हसले. घरी येऊन तिने हे सगळं साग्रसंगीत सांगितलं, मीही हसलो. सासरे तेवढे हसले नाहीत. "जाऊ दे, पोरगा वाईट नाही," एवढंच म्हणून ते उठून गेले. आम्हाला वाटलं, केवढं हे मोठं मन!

साहेबांनी लंबूची एक नापास फळी मधोमध कापायला लावली. आतून कोरडी ठणठणीत. कवच ओढलं तर जाळीचे तुकडे घेऊन निघालं, इतकं घट्ट चिकटलेलं. साहेब म्हणाले, एखादी असेल चांगली, बाकीच्यांचं काय? बायको मात्र दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यांच्या आत शिरली ती जेवायलाही बाहेर आली नाही. दिवे बदलून बघितले, खोलीचं तापमान बदलून बघितलं, कवचाची जाडी परत मोजली. काही केल्या आकडे जुळेनात. मग तिने, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, जे करायला हात धजत नव्हता ते केलं. लंबूची फळी बरोबर आहे असं धरलं, आणि मॉडेलला उलटा प्रश्न विचारला, की मग बाबांच्या फळीत काय असेल? कवचाखाली केसाएवढा हवेचा थर घातल्याबरोबर खोटी फळी आणि बाबांची फळी तंतोतंत सारख्या निवल्या. कडा सोडून सगळीकडे हवा. तिने दार लावून घेतलं आणि बोटांच्या पेरांनी फळी वाजवली. आवाज बद्द.

त्या संध्याकाळी ती दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत राहिली. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. जेवायला बसल्यावर तिने विचारलं.

"बाबा, निरोपाच्या दिवशीची फळी तुम्ही वाजवून बघितली होती?"

"का गं?"

"सहज विचारतेय."

"ती भिंतीवर लावायची होती. भिंतीवरची फळी कोण वाजवतं?"

"बाबा, तिच्यात हवा आहे. कडा सोडून सगळीकडे."

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. बराच वेळ ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पापुद्रा राहिला."

मला समजलं नाही, तेव्हा त्यांनीच सांगितलं. चिकटवायचा गोंद पातळ शीटसारखा येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो सोलून टाकायचा, मग शीट अंथरायची आणि कवच ठेवून सगळं गरम प्रेसमध्ये दाबायचं. सोललेले पापुद्रे टेबलाखालच्या टोपलीत जातात, आणि प्रेस बंद केल्यावर टोपलीतले पापुद्रे मोजायचे, अशी पद्धत. राहिलेला पापुद्रा डोळ्यांनी दिसणं कठीणच असतं. अधू डोळ्यांना तर नाहीच.

"टोपलीत एक कमी भरला," सासरे म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"प्रेस बंद झाला होता. बाहेर सगळे जमले होते. साहेब भाषणाला उभे राहिले होते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "म्हटलं, भिंतीवर तर लागणार आहे. कुणाचा पाय पडणार आहे तिच्यावर?"

"आणि मी ती नमुना म्हणून घेतली, हे घरी सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा नको म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

बायकोचा चेहरा असा झाला, की मी नजर दुसरीकडे वळवली. सासऱ्यांनी तिचा हात धरला. मी त्या माणसाला कधी कुणाकडे काही मागताना बघितलेलं नव्हतं. "मी आहे तोवर ती कापू नकोस," ते म्हणाले. "मी गेल्यावर काप. मग हवं तर चौकात मांडून दाखव. पण माझ्या डोळ्यांदेखत नको."

"आणि लंबूचं काय?" मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस," बायको म्हणाली.

"जावईबापू, तुम्ही जेवा," सासरे म्हणाले. आणि मी जेवलो, हेही इथेच लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि लंबूला टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं. बायको त्या खोलीत होती. साहेबांनी तिला विचारलंसुद्धा, तुम्हाला काही सांगायचंय का? ती म्हणाली, "नमुना एकदा परत तपासावा लागेल. वेळ लागेल." साहेब म्हणाले, तपासा, तोवर हा माणूस टेबलाला हात लावणार नाही. घरी येऊन तिने हे मला अशा सुरात सांगितलं, जणू काही तिने बरंच काही सांगून टाकलं होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, अर्धं खरं बोललं की अर्धी चूक माफ होते का? ती म्हणाली, तुला काय कळतंय त्यातलं. सासरे आतल्या खोलीत होते, म्हणून आम्ही दोघं आवाज दाबून भांडलो. आवाज दाबून भांडल्यावर काही निष्पन्न होत नाही, नुसता घसा दुखतो.

तिचा बेत असा होता. हळूच एखादी दुसरी फळी नमुना म्हणून लावायची, नवं मॉडेल तयार करायचं, आणि थोडे दिवस गेले की साहेबांना सांगायचं, आता सगळं ठीक दिसतंय, लंबूला परत टेबलावर घ्या. बाबांची फळी परत भिंतीवर. कुणाच्या केसालाही धक्का नाही. बेत ऐकायला बरा होता. पण तिचं स्वतःचं जेवण कमी झालं, आणि सासऱ्यांनी तर तिच्यासमोर बसणंच सोडलं. एकाच घरात बाप-लेक एकमेकांची चाहूल घेऊन खोल्या बदलायला लागले. पाणी प्यायला उठायचं तरी आधी स्वयंपाकघरात कोण आहे ते बघायचं.

अशात एक दिवस लंबूची बायको दुकानात आली. पिशवीतून तिने पांढऱ्याशुभ्र कोटांची चळत काढली. चिकटवण्याच्या हॉलमध्ये पांढरे कोट घालतात. लंबूच्या मापाचे बाजारात मिळत नाहीत, म्हणून हे मीच शिवलेले. "हे कापून उशांचे अभ्रे करून द्या," ती म्हणाली. "कापड चांगलं आहे, वाया जायला नको."

"अहो, धडधाकट कोट आहेत," मी म्हणालो.

"आता घालायचे कुठे? पॅकिंगला राखाडी घालतात."

"त्यांना विचारलंत का?"

"त्यांनीच काढून दिले. दाराआड टांगलेले दिसतात ते बघवत नाहीत म्हणाले." तिने कोटांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, "तुमच्या ताईंवर राग नाही हो आमचा. मशीनने दाखवलं ते त्या सांगणार. मशीन कशाला खोटं बोलेल?"

माझी मान वर होईना. मी मापाची पट्टी गुंडाळत राहिलो, सोडत राहिलो, परत गुंडाळत राहिलो. ती गेल्यावर दुकान बंद केलं, कोट घेऊन वर गेलो आणि बायकोच्या मांडीवर ठेवले. कोणाचे ते तिला विचारावं लागलं नाही. एवढ्या लांब बाह्यांचा दुसरा माणूस कारखान्यात नाही.

"अभ्रे करायला दिलेत," मी म्हणालो.

ती कोटांवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, नवा नमुना झाला की त्याला गुपचूप परत बसवीन. कुणाला काही कळलं नसतं."

"त्याला कळलं असतं की."

"काय?"

"की आपल्याला माफ केलं. न केलेल्या चुकीबद्दल."

तेव्हा ती रडली. लग्नानंतर तिला मी असं रडताना पहिल्यांदा बघितलं. "मला बाबांची लाज नाही वाटत रे," ती म्हणाली. "मला माझी वाटते. मॉडेलने हवा दाखवली ना, तेव्हा सगळ्यात आधी मला काय वाटलं सांगू? बाबांचं काय होईल, हे नाही वाटलं. लंबू खरा निघाला याचा राग आला मला. एवढी मी कोती आहे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला, मग परत धरला.

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, सकाळी मलाही घेऊन चला." त्यांनी सगळं ऐकलं होतं. बायको उठून दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका बाबा. तुम्हाला दिसलं नाही, एवढंच मी सांगेन. तेवढं खरंही आहे."

सकाळी कोट मी लंबूच्या घरी परत पाठवले आणि सासऱ्यांना स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात नेलं. हॉलमध्ये शिरताना त्यांनी माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांचे वळ उठले. बायकोने साहेबांना, टेबलावरच्या लोकांना, सगळ्यांना बोलावलं होतं. लंबू पॅकिंगमधून आला, राखाडी कोटात, बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. टेबलावर मास्तरांची फळी होती.

"लंबूंच्या फळ्यांत ओल नाही," बायको म्हणाली. "माझा नमुना चुकीचा होता. ही फळी आतून सुटलेली आहे, आणि हिला खरी मानून मी बाकीच्या सगळ्या खोट्या ठरवल्या."

कुणाचा विश्वास बसेना. कुणीतरी म्हणालं, मास्तरांची फळी? छे! साहेब म्हणाले, कापा म्हणजे कळेल. पण कापायला कुणी पुढे होईना. तेव्हा सासरे लंबूला म्हणाले, "तूच काप बाबा. तुझा हात स्थिर आहे."

लंबूने कटर घेतला. कडेने चारी बाजूंनी फिरवला आणि कवचाखाली पातं घालून जरा उचललं. कवच डब्याच्या झाकणासारखं अलगद सुटून आलं. आतल्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, तो पापुद्रा चमकत होता. कुठे सुरकुती नाही की फाटलेला नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्या क्षणी बाप-लेकीच्या चेहऱ्यांवर बघितलं. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं या मोजपट्टीखाली वाकलेला मी, मलाही त्या वेळी कुठे तोंड लपवू असं झालं.

"बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती," बायको घाईने म्हणाली. "त्यांना दिसलं नाही. नजरचूक आहे."

"दिसलं नाही हे खरं," सासरे म्हणाले. "पण कळलं होतं. त्याच दिवशी. टोपली मोजल्यावर." ते लंबू उभा होता त्या दिशेला वळले. "तुला पॅकिंगला टाकलं तेव्हाही मी घरी गप्प बसलो होतो. मी सांगायला हवं होतं."

लंबूने पायाने एक स्टूल ओढलं आणि सासऱ्यांच्या मागे सरकवलं. "मास्तर, बसा तुम्ही," तो म्हणाला. नेहमीच्या तिखटपणाचा लवलेश नव्हता. सासरे बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग लंबू बायकोकडे वळला.

"ताई, तुम्हाला कधी कळलं?"

ती उघड्या फळीची कड चाचपत राहिली. मग त्याने तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. "मला टेबलावरून काढलं, त्याच्या आधी की नंतर?"

'नंतर' असं म्हणून ती सुटू शकली असती. तारखा फक्त आमच्या घरालाच ठाऊक होत्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण तिने काय म्हणावं असं मला वाटत होतं, हे मलाच कळत नव्हतं.

"आधी," ती म्हणाली.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते काहीतरी बोलायला लागले, पण लंबूचं तिकडे लक्ष नव्हतं. तो रागावलेलाही दिसत नव्हता. हिशोब जुळत नसला की माणूस जसा विचारतो, तसं त्याने विचारलं. "मग रोज दुपारी पॅकिंगमध्ये येऊन 'जेवलात का' म्हणून मला विचारत होतात, ते कशाला?"

हे तिने घरी मला कधी सांगितलं नव्हतं. तो वाट बघत उभा राहिला. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

"तुम्ही हो म्हणालात," ती शेवटी म्हणाली, "की मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं."

"म्हणून मी हो म्हणायचो," लंबू म्हणाला. "जेवत नव्हतो."